झाड उपाशी नाही, मुळी गुदमरली आहे

प्रश्न थोडक्यात असा: 'सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर राहते. फेब्रुवारीत साडेतीन हजारांचं फायकसचं (वडाच्या कुळातलं) बोन्साय घेतलं. दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे दोन दिवसांआड एक कप पाणी घालते. टीव्हीशेजारी ठेवलंय. आता एप्रिल संपत आला, निम्मी पानं गळाली, उरलेली पिवळी पडली. वाचेल का? मला स्वतः वडाचं बोन्साय करायचंय, ते कुठून सुरू करू? आणि सासूबाई म्हणतात, असली खुजी झाडं घरात ठेवू नयेत, झाडाला उपाशी ठेवणं पाप. त्यांना काय सांगू?'

ताई, बाकी सगळं नंतर. आधी झाडापाशी जा आणि नखानं खोडाची साल जराशी खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. मग एकेक फांदी तशीच बघा. जी आतून तपकिरी आणि कोरडी, ती गेली. खरवडल्यावर पांढरा चीक आला तर फार काळजी करू नका, चिकाची झाडं चिवट असतात. पानं सगळी गळाली म्हणजे झाड मेलं असं फायकसमध्ये नसतं. जागा बदलली, उजेड कमी झाला की ते रुसल्यासारखं पानं टाकतं आणि मनासारखी जागा मिळाली की पुन्हा फुटतं.

आता ट्रेकडे, म्हणजे झाड लावलेल्या उथळ भांड्याकडे बघा. वर पांढरे गुळगुळीत गोटे आहेत का, आणि हलवले तर सुटे होतात की एकमेकांना चिकटलेले आहेत? बाहेरून येणाऱ्या झाडांत वाहतुकीत माती सांडू नये म्हणून गोटे डिंकानं पक्के करतात. त्यावर कपभर पाणी ओतलं की ते कडेनं ओघळून खालच्या बशीत येतं आणि आपल्याला वाटतं, झाडाला पाणी मिळालं. खोडाखाली रताळ्यासारखी फुगीर मुळं असतील तर ते 'जिनसेंग' नावानं विकलं जाणारं फायकस. त्याच्या मुळांभोवती बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा गड्डा असतो. हा गड्डा एकदा पूर्ण वाळला की पाणी आत घेत नाही, आणि एकदा भिजला की आठ-आठ दिवस वाळत नाही. म्हणजे तुमचं झाड तहानेनं चाललंय की कुजून, हे वरून बघून मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. गड्डा बाहेर काढूनच बघावा लागेल.

गोटे उपटून टाका. ट्रे आडवा धरून झाड हलक्या हातानं बाहेर काढा. मुळं टणक, पांढरी किंवा तांबूस असतील तर कोरडेपणानं त्रास झालाय. घमेल्यात पाणी घेऊन गड्डा बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवा, निथळा, आणि होता तसा ट्रेमध्ये ठेवून द्या. ऐन उन्हाळ्यात मुळं छाटू नका, ते काम जूनमध्ये. पण मुळं काळी, चिकट, बोटानं दाबली की साल निसटून आतला दोरा उरतोय आणि कुबट वास येतोय, असं असेल तर जूनची वाट बघता येणार नाही. कुजलेलं सगळं कात्रीनं काढा, कोकोपीट जमेल तेवढं झटका, आणि पुढे सांगतो त्या जाड मिश्रणात साध्या मातीच्या कुंडीत लावा. सावलीत ठेवा, झाडावर पारदर्शक पिशवी सैल घाला, रोज एकदा हवा द्या. खत अजिबात नको. आजारी माणसाला पुरणपोळी वाढत नाहीत.

तासगाव भागात आमची द्राक्षबाग होती. बागायतदाराला पानं पिवळी दिसली की तो आधी फवारणीकडे वळत नाही, खोडापासून हातभर अंतरावर उकरून बघतो: पांढरी मुळी चालू आहे का? पांढरी मुळी म्हणजे नवी, कामाची, पाणी आणि अन्न ओढणारी मुळी. ती चालू असेल तर वेल आज ना उद्या सुधारतो. ती बंद असेल तर वर काहीही ओता. बोन्सायमध्ये गेली पस्तीस वर्षं मी दुसरं काही शिकलो नाही. छाटणी, तार, आकार हे सगळं वरचं. ट्रेच्या दोन-तीन इंच मातीत पांढरी मुळी कशी चालू ठेवायची, हा खरा धडा.

सासूबाईंचं निम्मं म्हणणं मला पटतं. बोन्साय घरात ठेवू नये, हे शंभर टक्के खरं. वास्तूतलं मला कळत नाही, पण वडाला, पिंपळाला, चिंचेला टीव्हीशेजारचा उजेड म्हणजे अंधारच. पाहुणे येणार असतील तर दिवाणखान्यात आणा, एक-दोन दिवस मिरवा, परत गॅलरीत. तुमची गॅलरी पूर्वेची असेल तर उत्तम. सकाळचं दहा-अकरापर्यंतचं ऊन आणि नंतर सावली, एवढ्यात सांगलीचा मे महिना निघतो. पश्चिमेची असेल तर उन्हाळ्यात हिरवी शेडनेट बांधावी लागेल.

उपाशी ठेवण्याचं मात्र त्यांना कुणीतरी चुकीचं सांगितलंय. जपानमधल्या यामाकी कुटुंबाकडे एक पांढरं पाईन होतं, १६२५ पासून कुंडीत वाढवलेलं. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते त्याच शहरात, स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर, त्यांच्या घराच्या आवारात होतं. भिंतीआड वाचलं. १९७६ मध्ये त्यांनी ते अमेरिकेला भेट दिलं, आज वॉशिंग्टनमध्ये आहे. उपाशी ठेवलेलं झाड चारशे वर्षं जगेल का, एवढं सासूबाईंना विचारा. बोन्सायला खत घालतात, आणि जमिनीतल्या झाडाला कुणी घालत नाही इतकं नियमित घालतात. झाड लहान राहतं ते शेंडा खुडल्यामुळे आणि मुळं छाटल्यामुळे. जपानी 'बोन' म्हणजे उथळ भांडं आणि 'साय' म्हणजे लावणं. 'खुजं' असा अर्थ त्या शब्दात कुठेच नाही. महाबळेश्वरला कड्यांवरची जांभळं आणि अंजनीची झाडं त्यांनी बघितली असतीलच. वाऱ्यानं आणि पातळ मातीनं डोक्याएवढी राहिलेली, पण खोडं जुनाट, गाठाळ. देवानं तिथे हेच केलंय.

आता माती. इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण मी पहिली बारा झाडं इथेच मारली. कृष्णाकाठची मळईची माती आणली होती, काळीभोर, भुसभुशीत. शेतात सोनं. ट्रेमध्ये घातली आणि दोन पावसांत ती चिखलाची वडी झाली. चूक मातीची नव्हती, उथळ भांड्याची होती, आणि ते का होतं हे मला खूप उशिरा कळलं. घरात भांडी घासायचा स्पंज असेल तो पाण्यात बुडवून आडवा धरा. निथळला की थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. म्हणजे आडवा असताना त्यात पाणी अडकून होतं. कुठल्याही कुंडीच्या तळाशी असा एक थर कायम ओला, हवाबंद राहतो. त्याची जाडी कुंडीच्या खोलीवर नसते, मातीच्या कणांवर असते. कण बारीक तर थर जाड. दीड फुटी कुंडीत तळाचे दोन इंच ओले राहिले तर झाडाला फरक पडत नाही. पण तुमचा ट्रेच दोन-अडीच इंचांचा! बारीक माती घातली की सगळा ट्रेच तो थर होतो आणि मुळी बुडून मरते.

म्हणून बोन्सायचं मिश्रण मातीसारखं दिसतच नाही, खडीसारखं दिसतं. माझं मिश्रण असं: विटांचे तुकडे निम्म्याहून थोडे जास्त, जाड वाळू किंवा दगडाची चुरी पाव हिस्सा, उरलेल्यात जुनं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत, आणि मूठभर निंबोळी पेंड. वीटभट्टीवर फुटक्या विटा पडलेल्या असतात, मागितल्या तर कुणी नाही म्हणत नाही. चांगली भाजलेली, लाल, टणक वीट घ्या. कच्ची पिवळट वीट पाण्यात विरघळते. गोणपाटात घालून हातोड्यानं फोडा आणि दोन चाळण्या लावा: गव्हाच्या दाण्यापेक्षा बारीक ते टाकून द्या, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठं ते परत फोडा. बारीक भुकटी टाकताना जीव हळहळतो, पण तीच मारते. कुंडी भरल्यावर पाणी ओता. पाच-सात सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. वर तळं साचलं तर मिश्रण काढा आणि पुन्हा चाळा. तळाच्या भोकांवर डासांच्या जाळीचा तुकडा, आणि त्याच भोकांतून तार ओवून झाड भांड्याला बांधून टाका. वाऱ्यानं झाड हललं की नवी मुळी तुटते.

विटेचा कण पाणी पोटात ठेवतो आणि दोन कणांमधली फट हवा ठेवते. तुम्हाला मग पाणी भरपूर घालता येतं. कपानं नाही, झारीनं, खालून वाहीपर्यंत, थोडं थांबून पुन्हा एकदा. किती दिवसांनी, हा प्रश्नच चुकीचा आहे. उदबत्ती जळून गेल्यावर उरते ती काडी मातीत खोचून ठेवा. दहा मिनिटांनी काढून ओठांना लावा. गार, ओली लागली तर आज पाणी नको. कोरडी निघाली तर लगेच. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा घालावं लागेल, जुलैत कदाचित आठवडाभर नाही. गावाला जाणार असाल तर शेजारणीला कप देऊ नका, काडी द्या.

पाण्याबद्दल सांगलीकरांना एक वेगळी सूचना. कालव्यांच्या पाण्यानं आपल्याकडे कितीतरी जमीन क्षारपड झाली, तेच क्षार बोअरच्या पाण्यात असतात. ट्रेच्या कडेला पांढरा पट्टा आणि पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, ही त्याची खूण. अपार्टमेंटला बोअर असेल तर झाडांसाठी नळाचं पिण्याचं पाणी वेगळं भरून ठेवा. ते जमत नसेल तर पावसाळ्यात गच्चीवर पिंपं भरा. पाऊस झाडाला धुऊन काढतो, म्हणून जुलैत सगळी बोन्साय तजेलदार दिसतात आणि आपण त्याचं श्रेय स्वतःला देतो. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाहीये. चिलेटेड लोह कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी फवारा. जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर ते सहसा पाण्याचंच दुखणं असतं.

आता वडाचं. तुमची इच्छा चांगली आहे, पण पहिलं झाड वड नको. वडाचं पान वीतभर, ते दोन इंचांवर आणायला वर्षं जातात. आधी नांदरुक घ्या. वडाचाच भाऊबंद, पान मुळातच लहान, चुका माफ करतो, पारंब्याही सोडतो. त्याच्या जोडीला चिंच. खाल्लेल्या चिंचेचे चिंचोके रात्रभर भिजवून लावा, फुकटात दहा रोपं. पान आधीच बारीक, साल लवकर जुनी दिसते. पाणी घालायला हमखास विसरणाऱ्यांनी जेड लावावं, आणि रोज पाणी घातल्याशिवाय चैन न पडणाऱ्यांनी उंबर. बोगनवेल, कामिनी, विलायती चिंच, डाळिंब ही सगळी आपल्या हवेतली. पाईनच्या नादी सांगलीत लागू नका, पाचगणी-महाबळेश्वरला घर असेल तर गोष्ट वेगळी. आणि ऑनलाइन 'बोन्सायचं बी' किंवा निळ्या मॅपलचं बी मिळतं, ते घेऊ नका. बोन्सायचं वेगळं बी नसतं, आणि मॅपल निळा नसतो.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की लहान रोप ट्रेमध्ये लावलं की त्याचं बोन्साय होतं. होत नाही. ट्रेमध्ये गेलेलं झाड जाड व्हायचं जवळजवळ थांबतं. पेन्सिलीएवढं खोड लावलंत तर दहा वर्षांनी अंगठ्याएवढं असेल आणि तुम्ही कंटाळून झाड कुणाला तरी देऊन टाकलेलं असेल. आधी खोड करायचं, मग ट्रे. त्यासाठी जमिनीत, नाहीतर मोठ्या गोणीत लावा. मुळांखाली फरशीचा तुकडा ठेवा, म्हणजे मुळं खाली न जाता चोहीकडे पसरतात आणि खोडाला बैठक येते. मग त्याला मोकाट वाढू द्या. अगदी दहा फूट. बघणारे विचारतील, हे कसलं बोन्साय? विचारू द्या. जितकी पानं, तितकं खोड. खालच्या बाजूची एक फांदी तर मुद्दाम वाढू द्यायची. तिला मी राबती फांदी म्हणतो, ती राबून खालचं खोड जाड करते आणि काम झालं की तिला कापायची. मनगटाएवढं झालं की खोड खालून वीतभर ठेवून तोडायचं. हात थरथरतो, मान्य. नव्या फुटीतली एक शेंडा म्हणून धरायची, ती खोडाच्या निम्म्या जाडीची झाली की पुन्हा तोडायची. असं तीनदा केलं की खोड मुळाशी रुंद आणि वर निमुळतं होतं. झाड जुनं दिसतं ते या उतारामुळे. उंची खोडाच्या जाडीच्या साधारण सहापट ठेवा, डोळ्याला पटते. आमच्याकडे पाण्यावरच्या नांदरुकाला मनगटापर्यंत यायला चार-पाच पावसाळे लागतात.

तुम्हाला जमीन नाही. मग दोन वाटा. पहिली: नांदरुकाच्या पेन्सिलीएवढ्या आठ-दहा फांद्या जुळवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं घट्ट बांधा आणि एकत्र लावा. फायकसच्या साली एकमेकींना चिकटतात, दोन-तीन वर्षांत एकजीव होतात आणि पन्हाळीदार खोड तयार होतं, थेट जुन्या वडासारखं. दुसरी वाट मला जास्त आवडते. सांगलीच्या गावभागात, मिरजेत, वाईला, साताऱ्याच्या पेठांत जुने वाडे उतरवले जातात. त्यांच्या भिंतींत, आडांच्या कठड्यांत पिंपळ-उंबर-नांदरुक वीस-वीस वर्षं चुन्यावर जगलेले असतात. त्यांना कुणीतरी उपटणारच असतं. मालकाला विचारा, जूनच्या पहिल्या पावसानंतर विटेसकट काढा, फांद्या आखूड करा, जाड मिश्रणात लावा आणि एक वर्ष हात लावू नका. माझ्याकडचा सगळ्यात देखणा उंबर अशाच एका पडक्या न्हाणीघराच्या भिंतीतला आहे, मुळांत अजून अर्धी वीट धरून. जंगलातून आणि कासच्या सड्यावरून (पठारावरून) मात्र काहीही उपटायचं नाही. कायद्यानंही नाही आणि तसंही नाही.

वडाचं रूप मनात बसवायचं असेल तर एकदा सातारा जिल्ह्यात पाचवडजवळ म्हसव्याचा वड बघून या. १८८२ मध्ये मोजला तेव्हा त्याच्या सगळ्या पसाऱ्याचा घेर १५८७ फूट भरला होता, अशी नोंद आहे. बोन्सायवाल्यानं तिथे फोटो कमी काढावेत आणि पारंब्या जमिनीला कुठे टेकतात, आडव्या फांद्या किती लांब जाऊन वाकतात, खाली उजेड कसा पडतो ते बसून बघावं. घरी पारंबी आणायची तर हवेत दमटपणा लागतो. पावसाळ्यात फांदीखाली पारंबीचा कोंब दिसला की शहाळ्याच्या दुकानातली नळी उभी चिरून त्याभोवती घाला, आत ओलं मॉस (शेवाळ) किंवा कोकोपीट भरा, खालचं टोक मातीत खोचा. इथे मात्र कोकोपीट कामाचं. दीड-दोन महिन्यांत मुळी मातीला पोचते, मग नळी काढा.

छाटणी तुम्हाला कुणी द्राक्षवाला दोन मिनिटांत शिकवील. शेंडा मारला की बगलफुटी निघतात, एवढंच तत्त्व. एप्रिलमध्ये वेल खरडून छाटल्यावर (खरड छाटणी) आम्ही काडीचा शेंडा मारून सबकेन, म्हणजे बगलेची नवी काडी घेतो, तेच इथे लहान आकारात. सहा-सात पानं होऊ द्या, दोन ठेवून खुडा. शेवटचा डोळा (फुटीचा कोंब) ज्या दिशेला, तिकडे पुढची फांदी जाणार, म्हणून डोळा बघून कापा. फायकसची फांदी पूर्ण बिनपानांची करून कापलीत तर ती मागे वाळत जाऊ शकते, एक-दोन पानं राहू द्या. मोठ्या जखमेला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट. हत्यारांवर पैसे घालवू नका: बागेची छाटणी कात्री, आणि द्राक्षाचे मणी विरळायची थिनिंगची कात्री. ती बारीक टोकाची कात्री तासगावात भाजीच्या भावात मिळते आणि बोन्सायची म्हणून विकल्या जाणाऱ्या महाग कात्रीपेक्षा माझ्या हाताला बरी बसते.

तारेबद्दल. ॲल्युमिनियमची तार सोपी. फांदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड, तिरकी गुंडाळा, दोन फांद्यांना एकच तार घेतलीत तर ती हलत नाही. तांब्याची हवी असेल तर वायरमनकडचे उरलेले तुकडे आणा, शेगडीवर लाल करा आणि गार होऊ द्या, मऊ पडतात आणि वाकवल्यावर पुन्हा कडक होतात. तार घालणं सगळे शिकतात, काढणं विसरतात. जुलै-ऑगस्टमध्ये फायकस चार-सहा आठवड्यांत तार गिळतो, आणि तो स्क्रूसारखा वण पुढची दहा वर्षं तुमच्याकडे बघत राहतो. काढताना उलगडू नका, तुकडे करून काढा. तार वाचवायला जाऊन मी फांद्या मोडल्यात.

ट्रेमधलं झाड दर दोन वर्षांनी, फायकस जोमात असेल तर दरवर्षी, बाहेर काढून मुळांचा बाहेरचा तिसरा हिस्सा छाटायचा आणि ताज्या मिश्रणात बसवायचं. पांढरी मुळी कापल्या टोकातूनच नवी फुटते. फायकस, चिंच, उंबर यांचं हे काम मृग ते आषाढ, दमट हवेत. बोगनवेल-डाळिंब माघ-फाल्गुनात, नवी फूट निघायच्या बेताला. खत नवी पानं दिसल्यावर: महिन्याला चमचाभर निंबोळी पेंड आणि हाडांचं खत कडेकडेनं, किंवा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी. भर थंडीत बंद.

कीड म्हणाल तर दोन. एक मिलीबग, पांढरा कापूस. द्राक्षवाल्यांचा जुनाच वैरी. मुंग्या चढताना दिसल्या की समजा तो आहेच. दोन-चार असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा, जास्त असतील तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाबरोबर. दुसरी फक्त नांदरुकाची: पान मधून शेंगेसारखं मिटतं, उघडलं की आत बारीक काळे किडे पळतात. हे फुलकिडे. बंद पानात औषध पोचत नाही. पानं तोडून पिशवीत घाला, तोंड बांधा, मग टाका. खाली टाकलीत तर तासाभरात परत झाडावर.

शैली, जपानी नावं, उंच-सखल त्रिकोण हे सगळं तुम्ही तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाचा. आत्ता वाचलंत तर जिवंत रोपाला तारा घालत सुटाल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या इर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गावभागातल्या घराच्या अंगणातली चाळीस झाडं पाण्याखाली होती. माणसं वर काढली, झाडं राहिली. पाणी उतरल्यावर गाळातून ट्रे उकरले. जेड हातात धरलं तर त्याचा चिखल झाला. बोगनवेलीही गेल्या. उंबर सगळे वाचले, कारण तो मुळात ओढ्याकाठचाच, बुडायची त्याला सवय. नांदरुक निम्मे वाचले. आणि त्यातही जाड विटेच्या मिश्रणात होते तेच. ज्यांच्यात मी आळसानं थोडी बागेची माती मिसळली होती ते एकही नाही. त्या वर्षीपासून ट्रे गच्चीवर आहेत.

तुमच्या झाडासाठी उद्या सकाळी एवढंच करा: गोटे काढा, मुळं बघा, पूर्वेच्या गॅलरीत आणा. कठड्यावर मात्र ठेवू नका. वळवाचे दिवस आहेत, संध्याकाळी वारं सुटलं की तिसऱ्या मजल्यावरून ट्रे खाली कुणाच्या तरी गाडीवर जाईल. खाली जमिनीवर, विटेच्या दोन तुकड्यांवर टेकवा, भोकं मोकळी राहतील अशी. मुळं काढल्यावर रंग कसा दिसला ते कळवा, मग जूनचं बघू.